पंपावर पाऊल न ठेवण्याच्या प्रतिज्ञेबद्दल खुलासा

आदरणीय दादासाहेब यांना,

बहिणीच्या नवऱ्याचा नमस्कार. तो तुम्ही स्वीकाराल की नाही याची खात्री नाही, पण मनापासून केलेला आहे, आणि एकदा केलेला नमस्कार मी परत घेत नाही. तुमच्या गुडघ्याचं कसं आहे? जिना चढताना अजून कटकट वाजतो की थांबला? वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झाल्याचं तुमच्या बहिणीकडून कळलं. (तुमच्या घरचं हल्ली सगळं मला तिच्याकडूनच कळतं. तुमचा फोन आला की ती आतल्या खोलीत जाते, दार लोटून घेते, आणि बाहेर आल्यावर त्यातलं मला जेवढं झेपेल तेवढं सांगते.) वहिनींना आता लांबचं स्वच्छ दिसत असेल तर त्यांना म्हणावं, कधीतरी आमच्या दिशेनेही नजर टाका.

आम्ही दोघं इकडे बरे आहोत. माझा घसा उत्तम आहे, ही बातमी तुम्हाला आनंदाची वाटणार नाही हे मी जाणून आहे, पण पत्रात खोटं लिहू नये.

आता मुद्द्यावर येतो. तुमच्याच धंद्यातले एक गृहस्थ आहेत, भरघोस मिशांचे, घाट चढून गेल्यावर लगेच डाव्या हाताला त्यांचा पंप आहे. त्यांनी तुम्हाला एव्हाना फोन केला असेल. केला नसेल तर आज संध्याकाळपर्यंत करतील, कारण अशी बातमी पोटात ठेवण्याइतकं मोठं पोट असूनही त्यांना ते जमेलसं दिसलं नाही. ते सांगतील की ज्याने भर सभेत प्रतिज्ञा केली तो तुमचा मेहुणा गुरुवारी आमच्या पंपावर आला होता. हे खरं आहे. पण कोणतीही गोष्ट नुसती खरी असून भागत नाही, ती पूर्ण असावी लागते, असं मी गेली कित्येक वर्षं व्यासपीठावरून सांगत आलो आहे. म्हणून त्या मिशांनी अर्धी सांगितलेली हकिगत पूर्ण करण्यासाठी हे पत्र. एका बाजूचं ऐकून निकाल देणारे तुम्ही नाही. (दोन्ही बाजू न ऐकताच निकाल देता, असं तुमची बहीण म्हणते. मी तिला दुजोरा दिलेला नाही.)

प्रतिज्ञा तुम्हाला आठवतच असेल. तुमच्या पंपाला पंचवीस वर्षं पूर्ण झाली, तुम्ही मांडव घातला, आणि मला 'चार शब्द' बोलायला सांगितलंत. विषय दिला नाहीत. विषय न देता माझ्या हातात माइक देणारा माणूस धाडसी म्हणायला हवा. मांडवामागे टँकर रिकामा होत होता, वास येत होता, समोर तुमच्या व्यवसायातली सगळी मंडळी कडक इस्त्रीत बसली होती, आणि मी उठून म्हणालो की मित्रहो, आज आपण ज्याचा वाढदिवस साजरा करतो आहोत त्याचं आयुष्य संपत आलं आहे. तुम्ही क्षणभर स्वतःच्या छातीवर हात ठेवलात. मी पेट्रोलबद्दल बोलत होतो. त्या भाषणातला एकही शब्द मी आजही मागे घेत नाही. हवेबद्दल बोललो, पुढच्या पिढ्यांच्या फुप्फुसांबद्दल बोललो, आणि शेवटी भरात म्हणालो की मी इलेक्ट्रिक गाडी घेतली आहे, आणि इथून पुढे जिवंत असेपर्यंत कुठल्याही पेट्रोल पंपावर पाऊल ठेवणार नाही. टाळ्या पडल्या. (तुमच्या हिशेबनिसाने सर्वांत जोरात वाजवल्या. त्याची नोकरी अजून आहे ना?) त्या दिवसापासून तुम्ही माझ्याशी बोलत नाही. ठीक आहे. लोकशाहीत न बोलण्याचाही अधिकार असतो, मी तो कधी वापरला नाही एवढंच.

तर गुरुवारी दुपारी तुमच्या भाचीची प्रबंधाची जाहीर तोंडी परीक्षा होती. पुलांच्या खांबांना पाण्याखाली भेगा कशा पडतात, यावर तिने इतकी वर्षं घालवली. आता ती बाहेरच्या तज्ज्ञांसमोर आणि येईल त्या श्रोत्यासमोर उभी राहून आपलं म्हणणं मांडणार होती. विचार करा दादासाहेब. माझी मुलगी, जी लहानपणी पाहुण्यांसमोर नाव विचारलं तरी आईच्या पदराआड जायची, ती तासभर बोलणार होती. मी आयुष्यभर लोकांना ऐकवलं, पण माझ्या घरातला दुसरा कुणी माणूस बोलतोय आणि मी खाली बसून ऐकतोय असा योग कधी आलाच नव्हता. तिने फोनवर बजावलं होतं, "बाबा, एकदा सुरू झालं की दार लावून घेतात. उशिरा आलेल्याला आत सोडत नाहीत. आणि आत आलात तर प्रश्न विचारायचा नाही." पहिली अट मी लगेच मान्य केली. दुसरीवर आमची चर्चा झाली.

गाडीने जायचं ठरलं. गाडीचा एका दमात जायचा पल्ला आणि भाचीचं विद्यापीठ यांत बरंच अंतर उरतं, म्हणजे वाटेत थांबून बॅटरी भरून घेणं आलं. आता हे थांबे ठरवणं ही किती मोठी गोष्ट आहे, हे तुम्हाला आयुष्यभर लोकांच्या टाक्या दोन मिनिटांत भरून दिल्यामुळे कळायचं नाही. पेट्रोलवाला माणूस आधी निघतो आणि मग विचार करतो. इलेक्ट्रिकवाल्याला आधी विचार करावा लागतो. चढ किती, उतार किती, वारा कुठून, चार्जर कुठे, तो चालू आहे का, त्याच्यासमोर आधीच कुणी उभं आहे का. ही गाडी माणसाला नागरिक बनवते, असं मी तीन ठिकाणी बोललो आहे. मी जेवणाच्या टेबलावर मोठा नकाशा पसरला, कोपऱ्यांवर चार जाड ग्रंथ ठेवले, आणि दोन संध्याकाळी खपून आराखडा केला. अडचण एकच होती. या रस्त्यावरचे निम्म्याहून अधिक चार्जर पेट्रोल पंपांच्या आवारात आहेत. (शत्रूच्या किल्ल्यातच दाणागोटा ठेवायचा, ही कोणाची कल्पना असेल ती असो.) मी ते सगळे लाल पेन्सिलने खोडले. उरले ते तीन. एक फर्निचरचं दुकान, एक सार्वजनिक वाचनालय आणि एक भलं मोठं खरेदी संकुल. मला हे फार आवडलं. श्रम, ज्ञान आणि व्यापार. तुमच्या बहिणीने नकाशाकडे पाहिलं आणि म्हणाली, "आणि यातलं एखादं बंद असलं तर?" मी म्हटलं, निष्ठेने आखलेला मार्ग बंद नसतो. ती आत गेली आणि तिने डब्यात केळी जास्त भरली.

पहाटे निघालो. फर्निचरच्या दुकानाचा थांबा इतका सुरेख झाला की हे पत्र तिथेच संपलं असतं तर बरं. दुकानामागच्या मोकळ्या जागेत चार्जर, सावली, पाण्याचा नळ. गाडी लावली, वायर जोडली, आकडा चढू लागला. तुमची बहीण आत जाऊन एकेका सोफ्यावर बसून पाहू लागली आणि चौथ्यावर तिला झोप लागली. विक्रेता अदबीने हलक्या पावलांनी फिरत होता. मी त्याला लाकूड, जंगल आणि मानवी हव्यास यांबद्दल थोडक्यात सांगितलं. तो म्हणाला, "साहेब, हा सोफा प्लायवूडचा आहे." मी म्हटलं, तेच तर म्हणतोय. आम्ही निघालो तेव्हा दोघेही ताजेतवाने होतो, गाडीही.

वाचनालयापाशी मात्र नियतीने खोडी काढली. चार्जर होता, चालू होता, त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता, आणि त्याच्यासमोर एक पेट्रोलची गाडी आडवी लावून तिचा मालक निघून गेला होता. इलेक्ट्रिक गाड्यांसाठी राखीव, अशी ठळक पाटी त्या गाडीच्या बोनेटवर वाकून बघत होती. पहारेकरी म्हणाला, मालक आत वाचत बसले असतील. मी आत गेलो. तुम्ही मोठ्या वाचनालयाच्या वाचनकक्षात कधी गेला आहात का? छत उंच, पंखे मंद, शंभर माना खाली, आणि भिंतीवर एकच सूचना, ती म्हणजे शांतता. मी इतक्या मोठ्या सभागृहात आणि इतक्या श्रोत्यांसमोर गप्प उभा राहिल्याचं मला आठवत नाही. पाच मिनिटं मी टेबलांमधून फिरलो आणि गाडीचा नंबर कागदावर लिहून एकेकासमोर धरला. लोकांना मी वर्गणी मागतोय असं वाटलं. शेवटी मी अगदी हळू आवाजात, म्हणजे माझ्या मानाने हळू, एक छोटंसं निवेदन केलं. मला बाहेर काढण्यात आलं. ग्रंथपाल बाई शिष्टाचाराच्या पक्क्या होत्या, त्यांनी मला कोपराला धरूनसुद्धा दारापर्यंत सन्मानाने नेलं. गाडीचा मालक आत नव्हताच, तो समोर केस कापून घेत होता, पण हे आम्हाला निघताना कळलं. थांबायला वेळ उरला नव्हता.

त्यामुळे खरेदी संकुलात पोचलो तेव्हा बॅटरी तळाला गेली होती, आणि चार्जर दोन, गाड्या सहा. आमचा नंबर येईपर्यंत लोक वैतागलेले. पहिल्याच चार्जरवर एक पांढरी गाडी केव्हाची लावलेली होती. ऐंशी टक्क्यांपर्यंत गाडी भराभर भरते आणि पुढे रडतखडत. पण तिचे मालक शंभर झाल्याशिवाय हलायला तयार नव्हते. दादासाहेब, मी गप्प बसू शकलो नाही. मी गाडीतून उतरलो, फुटपाथच्या कडेला जरा उंचावर उभा राहिलो, आणि बोललो. ऐंशी टक्क्यांनंतरचा प्रत्येक टक्का हा मागच्या माणसाच्या वेळेतून चोरलेला आहे, असं बोललो. रस्ता सर्वांचा, वीज सर्वांची, मग संयम एकट्यादुकट्याने का पाळावा, असं विचारलं. ज्याला आपलं पुरे झालं हे कळत नाही त्याच्या हातात कुठलंही तंत्रज्ञान दिलं तरी तो जुनाच माणूस, असा शेवट केला. भाषण जमलं. पांढऱ्या गाडीचे मालक ओशाळून वायर काढून निघून गेले. रांगेतल्या एका दंतवैद्य बाईंनी माझा हात हातात घेऊन सांगितलं की असं स्पष्ट बोलणारी माणसं राहिली नाहीत. मी तृप्त होऊन गाडी लावली आणि आम्ही केळी खाल्ली.

आता मला इथून शेवटपर्यंत जायला पंचाण्णव टक्के तरी लागणार होते, कारण पुढे घाट आहे आणि घाटापुढचे सगळे चार्जर पंपांवर, म्हणजे माझ्या लाल पेन्सिलीखाली. हे मला माहीत होतं. तुमच्या बहिणीलाही माहीत होतं. रांगेला माहीत नव्हतं. आकडा ऐंशीवर आला आणि दंतवैद्य बाई हसत हसत आल्या. त्यांच्यामागे बाकीचे चौघे. कोणाच्याही चेहऱ्यावर दुष्टावा नव्हता, उलट नुकत्याच पटलेल्या विचाराचं तेज होतं. "झाले बरं का ऐंशी," बाई म्हणाल्या आणि त्यांनी स्वतः माझ्या गाडीची वायर काढून नीट गुंडाळून जागेवर टांगली. मी घाटाबद्दल, लेकीबद्दल, दाराबद्दल सांगणार होतो. तोंड उघडलंही. पण पाच श्रोते माझ्याकडे इतक्या आदराने पाहत होते की मला माझ्याच भाषणाविरुद्ध बोलता आलं नाही. गाडीत बसल्यावर तुमची बहीण म्हणाली, "भाषण मलाही आवडलं हो." त्यानंतर बराच वेळ ती खिडकीबाहेर बघत होती आणि तिचे खांदे हलत होते.

ती म्हणाली, वाटेत पंपावर थांबू. मी म्हटलं, नाही, काटकसर करू. एसी बंद केला. काचा वर केल्या, कारण उघड्या काचांनी हवा अडते. गाणी बंद. उन्हात आम्ही दोघं दोन वांगी भाजावीत तसे बसलो होतो. घाट लागला आणि टक्के पाण्यासारखे उतरू लागले. मी तिला समजावून सांगू लागलो की वैयक्तिक त्यागाशिवाय कोणतंही स्थित्यंतर घडत नाही, तेव्हा ती समोरच्या पडद्याकडे बोट दाखवून म्हणाली, "अहो, एक सांगू का? तुम्ही बोलायला लागलात की पाय दाबता." मी म्हटलं, काय? ती म्हणाली, "मघापासून बघतेय. मुद्दा आला की तुमचा पाय खाली जातो, गाडी पळते आणि आकडा पडतो. त्याग म्हणालात तेव्हा एकदम दोन टक्के गेले." मी हे खोटं ठरवण्यासाठी स्वातंत्र्यावर तीन वाक्यं बोलून पाहिली. दादासाहेब, ती खरं बोलत होती. ओजस्वी वक्तृत्व हे ऊर्जेचा अपव्यय आहे, हे मला एका गाडीच्या पडद्याने दाखवून दिलं.

मग तिने नियम केला. पोचेपर्यंत मी अक्षर बोलायचं नाही. "तिला ऐकायचंय ना?" एवढंच तिने विचारलं. मी मान हलवली. तो सगळा घाट मी मौनात चढलो. समोर एक ट्रक भर वळणावर आडवा आला, मी बोललो नाही. एका फलकावर व्याकरणाची तीन पापं होती, मी बोललो नाही. आणि तुमची बहीण, लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर प्रथमच, सलग बोलली. तुमच्या लहानपणचं बोलली. तुम्ही तिला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडायचात आणि चढावर उतरवून तिलाच मागून ढकलायला लावायचात, हे मला माहीतच नव्हतं. तिला गाणं शिकायचं होतं, हेही नव्हतं. मी मध्ये तोंड न घातल्याने तिची वाक्यं शेवटपर्यंत जात होती. मला फार बरं वाटत होतं, आणि टक्के तरीही उतरत होते.

घाट संपला तेव्हा आकडा लाल झाला. विद्यापीठ अजून दूर होतं. डाव्या हाताला तो पंप होता, त्याच्या टोकाला चार्जर, आणि चार्जरसमोर मोकळी जागा, जणू मांडव घालून वाटच बघत होते. मी पंपाच्या हद्दीबाहेर, रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसलो. बोलायची बंदी असल्याने मी वाद घालू शकत नव्हतो, स्वतःशीसुद्धा. तुमची बहीण उतरली, फिरून माझ्या बाजूला आली, दार उघडून म्हणाली, "सरका तिकडे." मी आतल्या आतच पलीकडच्या सीटवर सरकलो. तिने गाडी आत नेली, वायर जोडली आणि खिडकीपाशी वाकून म्हणाली, "तुम्ही बसा. तुमचं पाऊल कुठे पडलंय अजून?" हे बिनतोड होतं. पाय गाडीत, गाडी पंपावर. प्रतिज्ञा शाबूत होती. मी अंग चोरून बसलो आणि मुलीच्या सभागृहाचं दार डोळ्यांसमोर आणत आकड्याकडे पाहत राहिलो.

तेवढ्यात ते मिशीवाले आले. हातात चहाचे दोन पेले. एक तुमच्या बहिणीला दिला, दुसरा खिडकीतून मला. मी प्यालो. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि गेले. मग पाण्याची बाटली घेऊन आले. मी प्यालो, घाटात घाम गेला होता. मग पुन्हा चहा. आता सकाळपासूनचा प्रवास, वाचनालयातून काढलेलं, संकुलात रांग सोडता न आलेली, आणि वर हे दोन चहा आणि एक बाटली. माणसाच्या शरीराला तत्त्वज्ञान कळत नाही, दादासाहेब. काही काळ मी लढलो. मांडी मांडीवर घेतली. पुलांच्या खांबांचा विचार करू नये असं ठरवलं, कारण त्यात पाणी येतं. मिशीवाले खिडकीशी आले, आजूबाजूला पाहिलं आणि खाजगी आवाजात म्हणाले, "तुमचं भाषण ऐकलंय मी. दुसऱ्या रांगेत होतो. उतरा आता, कोणी बघत नाही. मागच्या बाजूला आहे." मी उतरलो. त्यांनी मला पाठमोरं होऊन वाट दाखवली, तेवढी सभ्यता त्यांच्यात होती. परत आलो तेव्हा ते म्हणाले, "पाहुणे, तुमचं म्हणणं तेव्हा झोंबलं. घरी गेलो, दोन महिने शिव्या दिल्या, आणि मग हे यंत्र बसवलं." माझ्या भाषणाचा परिणाम डोळ्यांनी दिसावा असा प्रसंग वक्त्याच्या आयुष्यात क्वचित येतो, आणि तो आला तेव्हा मला बोलायची मनाई होती. मी त्यांचा हात दाबला. त्यांनीही दाबला. तर पाऊल पडलं ते असं आणि एवढ्यासाठी. त्यांनी तुम्हाला सांगताना चहाचा भाग गाळला असेल म्हणून मुद्दाम लिहिलं.

दार लावायला शिपाई उठलाच होता तेव्हा आम्ही आत शिरलो. मागच्या रांगेत बसलो. तुमची भाची उभी होती, हातात एक छोटी काठी, मागे भिंतीवर खांबाचं चित्र. तिने वर पाहिलं, आम्ही दिसलो, आणि ती जराशी सैल झाली. मग बोलली. तिच्या बोलण्यात एकही अलंकार नव्हता. हात जागचे हलले नाहीत. भेग इथे सुरू होते, पाणी इथून शिरतं, खांब वरून धडधाकट दिसतो, इतकं साधं. आणि सभागृह माझ्या सभेत बसत नाही इतकं शांत बसलं होतं. शेवटी एका पाहुण्या तज्ज्ञाने अवघड प्रश्न टाकला. मी तिच्या जागी असतो तर अर्धा तास सहज घेतला असता. ती म्हणाली, "याचं उत्तर मला अजून माहीत नाही. पण ते कसं शोधायचं ते सांगू शकते." तज्ज्ञ समाधानाने मागे टेकले. तुमच्या बहिणीने माझा गुडघा घट्ट धरला होता, मी प्रश्न विचारायला उठेन म्हणून. मी उठणार नव्हतो. माझ्याच्याने उठवलंच नसतं.

भाची आता डॉक्टर झाली. बाहेर आल्यावर तिने विचारलं, "बाबा, काहीच कसं बोलत नाही?" तुमच्या बहिणीने सगळी हकिगत तिच्या मार्गदर्शकांसमोर साभिनय सांगितली. मार्गदर्शक डोळे पुसत होते. परतताना आम्ही पुन्हा मिशीवाल्यांकडे थांबलो. मी स्वतः उतरलो. चहा घेतला नाही.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला शेक घेत जा.

आपला,
बहिणीचा नवरा

ता. क. : एक सांगायचं राहिलं. भाचीला लगेच नोकरी मिळाली आहे, पुढच्या महिन्यात रुजू होते. गाव तुमच्या पलीकडचं, धरणाजवळचं. नकाशा पुन्हा टेबलावर पसरला आहे. आमच्या दारापासून तिच्या दारापर्यंत एका दमात गाडी जात नाही, आणि वाटेत वाचनालय, दुकान, संकुल, काहीही नाही. थांबण्याजोगं एकच ठिकाण आहे, ते म्हणजे तुमचा पंप. हवा भरण्याच्या यंत्रापलीकडे, जिथे तुम्ही रिकामे पिंप ठेवता, तिथे एक चार्जर सहज मावेल. तुमची बहीण म्हणते, नसेल तर मी बसने जाईन. तिची कंबर तुम्हाला माहीत आहे. लेक एवढ्याशा अंतरावर असून आईला सणावाराची वाट बघत बसावं लागू नये, असं मला वाटतं. ती तुम्हाला मागणार नाही, तुमचीच बहीण आहे. म्हणून मी मागतो आहे.

ता. क. २ : उद्घाटनाला मला बोलावू नये. बोलावलंत तर भाषण ऐंशी टक्क्यांपर्यंतच करीन.

ता. क. ३ : पाकीट चिकटवण्याआधी तुमच्या बहिणीने पत्र वाचलं. ती म्हणते की पिंपं हलवून तिथे चौथरा बांधून झाला आहे, यंत्र येत्या आठवड्यात बसतं आहे, आणि हे तिला आतल्या खोलीत, दार लोटून, केव्हाच कळलं होतं. तुमची अट एवढीच होती म्हणे की मी आपणहून लिहावं, आणि तिने मला सांगू नये. तिने ती पाळली. या नव्या नकाशावरही मी दोन संध्याकाळी खपत होतो तेव्हा ती शेजारी बसून शेंगा सोलत होती. असो. मग वरचं सगळं वाचलं नाहीत तरी चालेल, पण मी ते पुसत नाही, लिहिताना बरं वाटलं. पुढच्या महिन्यात भाचीकडे जाताना येतो. गाडी भरायला पाऊण तास लागतो. दीड वर्षात तुम्हाला मला जे काही सुनवायचं राहिलंय ते तेवढ्यात सुनवा, मी खाली बसून ऐकेन. माझेही काही मुद्दे आहेत, पण ते परतीच्या चार्जिंगला.